सात उभे, अक्षरं चार

कासारवेळ गावात रोजच्या शब्दकोड्याची उत्तरं गावातलीच माणसं असतात, आणि त्या मंगळवारी सात उभे या जागी मोरेश्वर तुळपुळे यांचा नंबर लागला.

यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या गावांत कोड्याची उत्तरं नद्या, फळं नि राजधान्या असतात. त्यांचं त्यांना लखलाभ. कासारवेळात 'समाचार' सकाळी घरोघरी पडतो, त्याच्या मागच्या पानावर कोडं असतं, आणि ज्याची पाळी आली तो माणूस नगरपरिषदेच्या मागच्या पटांगणात जाऊन हजर होतो. पटांगणात चुन्याने मोठी चौकट आखलेली आहे. पांढरे चौकोन माणसांचे, काळ्या चौकोनांत शहाबादी फरशी. नाव जितक्या अक्षरांचं तितके चौकोन वाट्याला येतात. आडव्या उत्तरांनी आडवं पडायचं, उभ्या उत्तरांनी उभं राहायचं. साहजिकच आडव्याला मागणी फार. नगराध्यक्षांच्या मेहुण्याला आजवर कोणी उभं पाहिलेलं नाही.

माणूस हजर झाला की त्याच्या घरच्यांनी सूर्य मावळायच्या आत खुलासा मंडळापुढे जायचं आणि त्याच्यावर जी ओळ छापून आली असेल ती शब्दन् शब्द उलगडून दाखवायची. नुसतं 'हो, हे आमचेच' म्हणून चालत नाही. उत्तर तर शेजाऱ्यांनाही येतं. खुलासा पटला की माणूस हातपाय झटकून घरी जातो. नाही पटला, तर ज्याने कोडं रचलं ते श्रीनिवास हुद्दार उठतात आणि स्वतःचा खुलासा सांगतात. तो लागू होतो.

लागू होतो म्हणजे काय, हे ज्याचं जळतं त्यालाच कळतं. बँडवाले दिगंबर फाळके बारा आडवे होते तेव्हा त्यांच्यावर ओळ आली होती, 'मोठा आवाज, आत पोकळ.' लग्नसराई होती, घरच्यांना वेळ झाला नाही. हुद्दारांनी उठून सांगितलं, "ढोल." तेव्हापासून फाळके घरी नीट आहेत, जेवतात, झोपतात, फक्त पाठीवर थाप मारल्याशिवाय बोलत नाहीत. भाबडांच्या सुमनकाकूंचंही तसंच. हुद्दारांच्या खुलाशात त्यांचा राग घ्यायचा राहून गेला. आता त्यांची तिन्ही नातवंडं हाताबाहेर गेली आहेत, आणि काकू नुसत्या त्यांच्याकडे बघत बसतात.

आता शरयूताई तुळपुळे. गावात त्यांच्याइतकं झटपट कोडं सोडवणारं दुसरं कोणी नाही, हे त्यांच्या भावजयीसुद्धा मान्य करतात. पेपर पडला की त्या ओट्याशी उभ्या राहून, एका हाताने कांदा परतत, दुसऱ्या हाताने पेनने चौकट भरतात. पेन्सिल म्हणजे ज्याचा स्वतःवर विश्वास नाही त्याचं काम, असं त्यांचं मत. मात्र त्यांची एक खोड होती. ओळ पुरती वाचायच्याच नाहीत. इकडून एक अक्षर आलं, तिकडून एक आलं, मधे कोण मावतो ते बघायचं आणि लिहून मोकळं व्हायचं.

मोरेश्वररावांना स्वतः कोडं सोडवता येत नसे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. सकाळचा चहा झाला की ते वाचनालयात जात, आणि जाण्याआधी बायकोच्या खांद्यावरून भरलेलं कोडं बघत.

"'सगळ्यांना झोपवून स्वतः जागा.' म्हणजे जनार्दनबुवा?" ते विचारत. "पण भूल देणारे डॉक्टरही तसेच..."

"असतात. पण पहिलं अक्षर ज आहे."

"ते झालं. पण बुवाच का?"

"बसतंय ना? मग!"

एवढ्यावर तीस-पस्तीस वर्षं सुखाने गेली होती.

त्या मंगळवारी नगरपरिषदेचा शिपाई रामा घुगे दारात आला तेव्हा मोरेश्वररावांचा चहा अर्धा व्हायचा होता.

"काका, सात उभे," रामा म्हणाला.

"उभे?" मोरेश्वररावांचा चेहरा उतरला. "अरे, माझे गुडघे... एखादं आडवं..."

"उरलं असेल तर बघ, म्हणतायत," शरयूताई आतून म्हणाल्या.

"आडवी सगळी गेली, काकू. तीन तर काल संध्याकाळीच गेली. छापायच्या आधी."

मोरेश्वररावांनी पेपर उचलून बघितला आणि चष्मा वर केला. "अगं, तू तर मला कधीच भरून टाकलंयस."

शरयूताई हात पुसत बाहेर आल्या. खरंच, त्यांच्याच अक्षरात, निळ्या शाईत, सात उभे: मोरेश्वर. मोहिनी पतंगेचा मो खाली आला होता, विश्वनाथ सुताराचा श्व मधे आला होता, आणि त्यांनी कढईकडे बघत बघत बाकीची दोन अक्षरं घातली होती. तो मोरेश्वर कोण, हा विचार त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नव्हता.

"मला काय ठाऊक ते तुम्ही आहात!" त्या म्हणाल्या.

"पण मीच का?"

"बसताय ना!" त्या सवयीने बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एक ओळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली. 'मोडकं जपतो, वाक्य सोडतो, निघून दोनदा परत येतो (४).'

"हे काय, कुणाबद्दलही..." मोरेश्वरराव म्हणाले.

"असू शकतं," शरयूताईंनी पुरं केलं. पण तसं असू शकत नव्हतं, आणि हे दोघांनाही कळत होतं. शरयूताईंच्या डोळ्यांपुढे दिगंबर फाळके उभे राहिले, पाठीवरच्या थापेची वाट बघत.

रामाने मोरेश्वररावांना चहा संपवू दिला. माणूस चांगला आहे.

शरयूताई गुडघ्याचा पट्टा, टोपी आणि पाण्याची बाटली घेऊन पटांगणावर पोचल्या तेव्हा चौकट बरीचशी भरली होती. नगराध्यक्षांचे मेहुणे पाच आडवे होते आणि घोरत होते. मोरेश्वररावांच्या वाट्याला चार चौकोन आले होते आणि नियमाप्रमाणे ते थोडा थोडा वेळ चारही चौकोनांत उभे राहत होते. तिसऱ्याची पंचाईत होती. त्या चौकोनावर विश्वनाथ सुतारांचाही हक्क होता, आणि ते आडवे असल्यामुळे त्यांचं पोट तिथे आलं होतं.

"वहिनी, यांना जरा सांगा," विश्वनाथ सुतार पडल्या पडल्या म्हणाले. "माझी काही तक्रार नाही. पण निदान चप्पल काढून उभं राहावं."

मोरेश्वररावांनी चप्पल काढली. शरयूताईंनी वाकून त्यांच्या गुडघ्याला पट्टा बांधला. तेवढ्यात ते खालच्या आवाजात म्हणाले, "शरयू, तो माळ्यावरचा मिक्सर..."

रामाने शिट्टी फुंकली. "काका, उत्तराने स्वतःबद्दल बोलायचं नाही."

"मी मिक्सरबद्दल बोलतोय."

"ओळीत मोडकं आहे. म्हणजे मिक्सर तुमच्यातच आला."

मोरेश्वररावांना हे पटलं. मुद्देसूद बोलणाऱ्यापुढे त्यांचं कधीच काही चालत नसे. ते टोपी सारखी करून चौथ्या चौकोनात गेले आणि शरयूताई घरी आल्या.

घरी आल्यावर त्या शिडी लावून माळ्यावर चढल्या. माळ्यावर काय आहे हे त्यांना माहीत होतं, कारण दर दिवाळीला त्या ते सगळं भंगारात द्या म्हणत आणि मोरेश्वरराव "ठेव, बघू" म्हणत. एक जळका मिक्सर होता. दोन इस्त्र्या होत्या. कान तुटलेली कपबशी, काडी मोडलेल्या छत्र्या, काटा नसलेलं गजराचं घड्याळ, सासऱ्यांचा रेडिओ. एकही वस्तू त्यांनी दुरुस्त केली नव्हती, एकही टाकली नव्हती. हा माणूस चिकट आहे आणि शिवाय आळशी आहे, असा याचा अर्थ शरयूताईंनी फार वर्षांपूर्वी लावला होता, आणि तो बसतही होता.

त्यांनी मिक्सर मांडीवर घेतला. तो त्यांनीच जाळला होता, लग्न होऊन सहा महिने झाले नव्हते तेव्हा. सासरे जमदग्नी. जेवताना त्यांनी विचारलं होतं, चटणी आज पाट्यावरची कशी? आणि मोरेश्वरराव ताटातून मान वर न करता म्हणाले होते, "मिक्सर दुरुस्तीला काढलाय मी."

इस्त्री मुलाने पाडली होती. तेव्हाही तेच. रेडिओ तर खुद्द सासऱ्यांनी रागाच्या भरात भिरकावला होता आणि नंतर दोन दिवस खाली मान घालून बसले होते. तेव्हाही मोरेश्वरराव तेच म्हणाले होते: "दुरुस्तीला काढलाय मी."

शरयूताई माळ्यावर बराच वेळ बसून राहिल्या. त्यांना रडू आलं आणि त्या रडल्या. मग पदराने डोळे पुसून, मिक्सर पिशवीत घालून, खाली उतरल्या.

खुलासा मंडळ दुपारी पटांगणाच्या कडेला, ताडपत्रीखाली बसतं. अध्यक्ष बापूसाहेब निमकर मधल्या खुर्चीत होते. शेजारी कोडेकार हुद्दार. हा मनुष्य अंगाने काटकुळा, भर उन्हातही बिनबाह्यांचा स्वेटर घालणारा. गावात तो कुठेही भेटतो, दळणाच्या रांगेत, पानाच्या टपरीवर, आणि तो आला की लोक आपोआप सरळ बसतात. त्याला बायको-मुलं नाहीत. लोकांच्या घरात काय चालतं ते त्याला माहीत असतं, आणि ते सांगायची संधी मिळावी एवढीच त्याची इच्छा असते. घरच्यांचा खुलासा पटला की हुद्दारांचा दिवस वाया जातो.

"बोला, तुळपुळे वहिनी," बापूसाहेब म्हणाले. "ओळ तीन तुकड्यांची आहे. तो काय करतो ते नको, ते छापलंयच. का करतो ते सांगा."

शरयूताईंनी मिक्सर टेबलावर ठेवला. "हा मोडलेला नाही," त्या म्हणाल्या.

बापूसाहेबांनी झाकण उघडून वास घेतला. "वहिनी, हा कोळसा झालाय."

"झाला असेल. पण मोडलेला नाही. दुरुस्तीला काढलाय. आमच्या घरात आजवर कुणाच्याही हातून एकही वस्तू मोडलेली नाही. माझ्या नाही, मुलाच्या नाही, मामंजींच्याही नाही. सगळ्या वस्तू दुरुस्तीच्या वाटेवर आहेत, आणि त्या टाकल्या तर त्या मोडल्या होत्या असं ठरेल. मग कुणीतरी मोडल्या असंही ठरेल. म्हणून हे जपतात."

बापूसाहेबांनी हुद्दारांकडे बघितलं. हुद्दारांनी नाइलाजाने मान हलवली. पहिला तुकडा मंजूर झाला.

"वाक्य सोडतो."

"यात माझा हात आहे," शरयूताई म्हणाल्या. "हे पाहायला आले तेव्हा आम्हाला दोघांना बोलायला म्हणून आतल्या खोलीत बसवलं. मे महिना. हे पुष्कळ वेळ गप्प. मग म्हणाले, 'मला वाटतं, आपण...' आणि थांबले. मी म्हटलं, 'हो. माझी काही हरकत नाही.' बाहेर माझी मावशी दाराला कान लावून होती. तिने तिथल्या तिथे साखर वाटली."

"बरोबर आहे की मग."

"लग्नानंतर चार महिन्यांनी कळलं, ह्यांना म्हणायचं होतं, 'आपण जरा पंखा लावू या.'"

पटांगणात हशा पिकला. पाच आडवे जागे झाले आणि पुन्हा झोपले. मोरेश्वरराव दुसऱ्या चौकोनातून जोरजोरात मान डोलवत होते. रामाने त्यांना ताकीद दिली.

"मी विचारलं, मग तेव्हाच का नाही सांगितलंत? तर म्हणाले, 'तू केलेला शेवट माझ्यापेक्षा बरा होता.' तेव्हापासून हे शेवट माझ्यावर सोडतात. दुसऱ्या कुणाशी बोलताना वाक्य पुरं करतात, वाचनालयात विचारा हवं तर. मला वाटायचं, धांदरट आहे माणूस. मला असंच वाटत आलं होतं, आज सकाळपर्यंत."

हुद्दार काही म्हणायच्या आत बापूसाहेबांनी मंजूर म्हणून टाकलं.

"आता शेवटचा. निघून दोनदा परत येतो."

हा सोपा, असं शरयूताईंना वाटलं होतं. "विसरतात," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी वाचनालयात जायला निघतात, कोपऱ्यापर्यंत जातात, परत येतात. चष्मा राहिलेला असतो, नाहीतर किल्ली."

"ते एकदा झालं," बापूसाहेब म्हणाले. "ओळीत दोनदा आहे."

"दुसऱ्यांदाही तसंच काहीतरी. रुमाल."

"रुमाल खिशात असतो," हुद्दार म्हणाले. आता त्यांचा चेहरा खुलला होता.

"मग छत्री."

"उन्हाळ्यातही येतात."

शरयूताईंनी आठवून बघितलं. दुसऱ्यांदा दार वाजतं. त्या स्वयंपाकघरात असतात. "आता काय राहिलं?" त्या आतूनच ओरडतात. "काही नाही," असं उत्तर येतं. मग थोडा वेळ काहीच आवाज येत नाही. मग दार लागतं. रोज. इतक्या वर्षांत बाहेर येऊन बघावं असं त्यांना एकदाही वाटलं नव्हतं. समोर फोडणी होती, हे खरं. पण फोडणी काही रोज तेवढ्याच वेळी जळत नव्हती. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

पश्चिमेच्या भिंतीची सावली चौकटीत शिरायला लागली होती. मोरेश्वरराव चौथ्या चौकोनात उभे होते. त्यांना काही बोलायची परवानगी नव्हती, आणि बोलावंसं वाटत असावं असंही दिसत नव्हतं. ते बायकोकडे बघत होते.

हुद्दार उठले आणि त्यांनी स्वेटर खाली ओढला. "माझा खुलासा दोनच शब्दांचा आहे," ते म्हणाले. "अतिशय नेमका आहे. खरं सांगतो, वर्षभरात मी इतकं चांगलं काही—"

"तोंड उघडाल तर बघा!" शरयूताई म्हणाल्या.

हुद्दार उघडलेलं तोंड तसंच ठेवून थांबले.

"वहिनी, असं कसं?" बापूसाहेब म्हणाले. "घरच्यांना आलं नाही तर कोडेकाराचा खुलासा लागू. नियम आहे."

"त्या दोन शब्दांत माझा नवरा बसवायचा तुम्ही? मग हे दुसऱ्यांदा येतील ते यांनी सांगितलंय म्हणून येतील. फाळके बघा. थाप मारावी लागते त्यांना." शरयूताईंचा आवाज चढला होता. "यांचा खुलासा चांगला असेल. खरासुद्धा असेल. पण तो मला ऐकायचा नाही."

"मग तुमचा द्या."

"माझ्याकडे नाही म्हटलं ना."

"मग मंडळाने करायचं काय?"

शरयूताईंनी पटांगणाकडे बघितलं. आयुष्यभर कोडी सोडवल्याचा एवढा उपयोग झाला. त्यांनी बोट दाखवलं. "ते काळे चौकोन कशाचे?"

"काळे कशाचेच नसतात. काळे असतात."

"त्यांचा खुलासा मागता तुम्ही?"

"काळ्यांचा कोण मागेल?" बापूसाहेब म्हणाले. "काळे नसतील तर चौकटच होणार नाही. सगळी माणसं एकमेकांत शिरतील."

"मग माझ्या माणसातला एक चौकोन काळा करून द्या."

बापूसाहेबांनी नियमांत शोधलं. काळे चौकोन किती असावेत याला वरची मर्यादा होती. चौकटीत अजून एकाची जागा होती. घरच्यांनी काळा चौकोन मागू नये, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं, कारण असं कुणी मागेल हे नियम करणाऱ्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी हुद्दारांना विचारलं. हुद्दारांना बोलता येत नव्हतं, कारण तोंड उघडलं तर ते दोन शब्दच आधी बाहेर पडतील, अशी त्यांची अवस्था झाली होती.

"एक अडचण आहे," शेवटी बापूसाहेब म्हणाले. "नाव चार अक्षरांचं. चौथा चौकोन काळा केला तर शेवटचं अक्षर जाईल. मोरेश्व उरतील. ते परत मिळणार नाही. विचार करा, वहिनी. जन्मभर नाव अर्धवट घेऊन..."

"चालेल," शरयूताई म्हणाल्या. "मी तशीही यांना 'अहो' म्हणते."

मग रामाने शहाबादी फरशी आणली. मोरेश्वरराव चौथ्या चौकोनातून बाजूला झाले आणि तिथे फरशी बसवण्यात आली. विश्वनाथ सुतारांनी पडल्या पडल्या टाळ्या वाजवल्या; त्यांची बायको अजून यायची होती. सूर्य मावळायला थोडा अवकाश असताना मोरेश्व तुळपुळे पायांत चप्पल घालून, एका हातात मिक्सर घेऊन, बायकोबरोबर घरी निघाले.

वाटेत ते म्हणाले, "शरयू, ते दुसऱ्यांदा मी का येतो, ते मलाही..."

"माहीत नाही?"

"खरंच नाही. आपण हुद्दारांना विचारलं तर..."

"खबरदार," शरयूताई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, कारण त्यांना त्याचा शेवट मंजूर नव्हता.

मिक्सर माळ्यावर परत गेला. बँकेने सहीत एक अक्षर कमी पडतं म्हणून हरकत घेतली, तिथे रामा घुगेने साक्ष दिली आणि प्रश्न मिटला. वाचनालयातले लोक आठवडाभर अडखळले आणि मग सरावले. मोरेश्वरावांचे गुडघे आहेत तसेच आहेत.

हाल झाले ते हुद्दारांचे. न सांगितलेला खुलासा माणसाच्या पोटात राहिला की दुसरं काही सुचत नाही. बुधवारचं कोडं आलं ते नुसती रिकामी चौकट, खाली ओळ एकही नाही. गुरुवारीही तेच. पटांगणात गवत उगवलं. लोक आपापल्या घरी, कुणीही न उलगडता, जेवले नि झोपले. दिगंबर फाळके एका दुपारी कुणी थाप न मारता शिंकले, आणि त्यांच्या घरी त्या दिवशी शिरा झाला. नगराध्यक्षांच्या मेहुण्याला मात्र आता दिवसा झोपायला जागा उरलेली नाही.

हुद्दार रोज सकाळी तुळपुळ्यांच्या ओसरीवर येऊन बसतात. मोरेश्वराव वाचनालयात जायला निघतात, कोपऱ्यावरून परत येतात, चष्मा घेऊन जातात. मग दुसऱ्यांदा दार वाजतं. हल्ली शरयूताई गॅस बारीक करून बाहेर येतात. मोरेश्वराव खोलीच्या मधोमध उभे असतात. ते इकडेतिकडे बघतात, बायकोकडे बघतात. "काही नाही," ते म्हणतात. "बरं," त्या म्हणतात, आणि ते गेट ओलांडून दिसेनासे होईपर्यंत दारात थांबतात. मग ओसरीवरचे हुद्दार हळूच घसा खाकरतात. "वहिनी, दोनच..." असं म्हणून ते आशेने वर बघतात. शरयूताई त्यांच्या हातात पोह्यांची बशी देतात, कारण भरल्या तोंडाने खुलासा करता येत नाही.